काठीवरच्या खुणा

पंगत उठली तेव्हा दीड वाजून गेला होता. स्वातीच्या सासूबाईंचं, हंसाबाईंचं, वर्षश्राद्ध नीट पार पडलं. कावळ्याने फार ताटकळत ठेवलं नाही. गावातली माणसं जेवली, सुपारी घेतली आणि गेली. चिंचणीच्या घरात आता फक्त घरचे उरले. स्वातीला याचीच भीती होती. बाहेरची माणसं असेपर्यंत कोणी विषय काढणार नव्हतं. आता काढतील.

ती मागच्या पडवीत पातेली घासत होती. आठ वर्षांची हिमानी शेजारी बसून धुतलेले पेले उपडे घालत होती.

"आई, सोमवारी किती वेळा टोचणार?"

"एकदाच सुई लावतात. मग त्याच सुईतून रक्त घेतात."

"आणि मग रोज?"

"ते अजून ठरलं नाही."

"आत्या म्हणाली, ठरलंय."

स्वातीने पातेलं पुन्हा घासायला घेतलं. ते आधीच स्वच्छ झालं होतं.

सोमवारी बोईसरच्या डॉक्टरांकडे पोरीला दिवसभर ठेवून घेणार होते. दर अर्ध्या तासाने रक्त. रक्तात दोष निघेल असंच सगळे धरून चालले होते. मग रोज एक वाढीचं इंजेक्शन, मांडीत, एक दिवस डावी, एक दिवस उजवी, पोरीची वाढ पुरी होईपर्यंत. म्हणजे सहा-सात वर्षं. नर्सने स्वातीला सुई कशी धरायची ते दाखवलंही होतं.

हे सगळं काठीवरून सुरू झालं. या घरात दर नारळी पौर्णिमेला, समुद्राला नारळ द्यायच्या आधी, पोरांना काठीला उभं करतात. खाडीत होडी रेटायची ही काठी स्वातीच्या सासऱ्यांच्या, कमलाकांतच्या बापाने केलेली. डोक्यावर थाळी आडवी धरायची, काठीला सुरीने खाच पाडायची, बाजूला नाव आणि वय कोरायचं. कमलाकांतच्या खुणा आहेत, त्याच्या पोरांच्या, सुजीत आणि उन्नतीच्या आहेत, आता सुजीतच्या मुलीच्या, हिमानीच्या. गेल्या वर्षीची तिची खूण आणि यंदाची खूण यांत पुरतं बोटभर अंतर नव्हतं. उन्नतीने टेप लावला तर एक सेंटिमीटर भरलं.

डॉक्टरांनी पोरीला आपल्या मापावर उभं केलं आणि विचारलं, गेल्या वर्षी किती होती? शाळेच्या कार्डावर दोन्ही वर्षी एकच आकडा उतरवलेला होता, तो कोणी धरला नाही. उन्नतीने काठीवरचा तो एक सेंटिमीटर सांगितला. डॉक्टर म्हणाले, या वयात वर्षाला पाच-सहा तरी वाढायला हवं, एक म्हणजे कुठेतरी काही अडलंय.

घरी आल्यावर कोणी स्वातीला काही बोललं नाही. पण सगळ्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं होतं, पायापासून डोक्यापर्यंत. त्यात फार वेळ गेला नव्हता. ती चार फूट नऊ होती.

*

पुढच्या ओटीवर उन्नती भावाला समजावत होती.

"तुला रजा मिळत नसेल तर राहू दे. मी नेते पोरीला. मी ऑफिसात सांगून ठेवलंय."

"मी कुठे नको म्हणतोय, ताई?" सुजीत म्हणाला. "पण स्वाती आठ दिवस नीट जेवलेली नाही."

"म्हणून पोरीला तशीच ठेवायची?"

उन्नतीचा आवाज चढला, तिचा तिलाच कळला. तिने तो खाली आणला. आई गेली त्याच्या दोन दिवस आधी म्हणाली होती, हिमानीकडे बघ गो. एवढंच. उन्नतीने ते मनाला लावून घेतलं होतं. ती स्वतः गावात सगळ्यांत उंच बाई. पालघरला नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की उंच बाईला रांगेत कोणी ढकलत नाही, आणि टेबलापलीकडचा माणूस जरा जपून बोलतो. भाचीला तेवढं मिळावं, यात तिला काही चूक दिसत नव्हती.

स्वातीचा भाऊ रूपेश खांबाला टेकून बसला होता. तो आरोग्य उपकेंद्रात काम करायचा, पाड्यापाड्यावर जाऊन पोरांना डोस द्यायचा. त्याचा बाप जिवल्या चटईवर उकिडवा बसून तंबाखू मळत होता.

"रूपेश, तू तरी बहिणीला समजाव," उन्नती म्हणाली. "तू या खात्यातला आहेस."

"ताई, चाचणी करू नका असं मी म्हणत नाही. पण आमच्या बहिणीमुळे पोर बुटकी झाली, हे जे चाललंय ना..."

"मी असं कधी म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलं. चिंचणी म्हणते. बाजारात मला दोघांनी विचारलं, काय रे, भाची मामाच्या गावावर गेली का."

"मग म्हणू दे की," जिवल्या म्हणाला. "आमी हायेत बारके. रानात उंच माणसाच्या डोक्याला फांद्या लागतात. देवाने बघूनच केलाय."

सुजीत हसला. रूपेश हसला नाही.

"बा, तू सगळ्याची चेष्टा नको करू. ताई, तुम्ही आमच्याच घरात बघा. मी आणि स्वाती एका आईची. मी पाच सात, ती चार नऊ. ती पोरगी आणि मी पोरगा, तेवढा फरक पडणारच. पण एवढा नाही. ती थोरली. दिवाळी झाली की आईबापाबरोबर वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत. खायला पेज. प्यायला डबक्याचं पाणी. दर वर्षी हगवण, दर वर्षी ताप. पोटात जे जायचं त्यातलं निम्मं आजारपणच खायचं. उरलेल्यात किती वाढणार? माझ्या वेळी बाने मला आत्याकडे ठेवला. तिच्याकडे म्हैस होती, विहीर होती."

"म्हैस मारकी होती," जिवल्या म्हणाला.

"मारकी होती, पण दूध द्यायची. ताई, मी रोज पोरं मोजतो. आई सतराव्या वर्षी पोटुशी, स्वतः अर्धपोटी, तर पोर पोटातच कमी वाढतं. मग ते पोर मोठं होऊन आई होतं. एका पिढीत ते भरून येत नाही, दोन-तीन लागतात."

"मग रक्तात काहीच नसतं म्हणतोस?"

"असतं की. एका ताटात जेवलेले दोन भाऊ वेगवेगळे वाढतात, ते रक्त. पण पाडाच्या पाडा बारका असतो तेव्हा आधी ताट बघायचं."

"बरं, ताट बघू." उन्नती त्याच्याकडे वळली. "हिमानीच्या ताटात काय कमी आहे? तिला मासे रोज मिळतात. दूध, अंडं. नळाचं पाणी. जन्मापासून एकदाही दवाखान्यात ठेवावी लागली नाही. तिने भट्टी बघितलेली नाही. तुझंच सगळं खरं धरलं, रूपेश, तर ती वाढायला पाहिजे होती. मग का वाढत नाही?"

रूपेश चटईची निघालेली काडी ओढू लागला. दारात हात पुसत उभ्या असलेल्या स्वातीने भावाचा चेहरा पाहिला. एवढे दिवस तिला वाटत होतं की दोष आपल्या हाडांचा आहे. तो तसा असता तर बरं झालं असतं. आता वाटलं, पोरीला खरंच काहीतरी झालंय.

*

कमलाकांत खुर्चीत बसून ऐकत होता. त्याच्या मागे भिंतीवर हंसाचा फोटो होता, हार घातलेला. तो मुद्दामच त्याच्याकडे पाठ करून बसला होता. वर्षभरात त्याला एवढंच जमलं होतं.

त्याला या वादात पडायचं नव्हतं. खरं तर यंदाची खूण त्यानेच पाडली होती. नारळी पौर्णिमेला त्याला किनाऱ्यावर जायचंही मन नव्हतं. सुजीत म्हणाला, बाबा, काठी तरी काढा, पोर वाट बघत्ये. त्याने काठी काढली, पोरीला उभी केली, खाच पाडली, काठी परत ठेवली. दोन मिनिटांत उरकलं. खूण जेमतेम वर सरकली हे त्याला तेव्हाच दिसलं होतं. त्याने मनाशी धरलं, आजी गेली म्हणून पोर खंगली. माणूस खंगतो, हे त्याला पटण्यासारखं होतं.

पण सुनेचा चेहरा बघून तो बोलला.

"उन्नती, काठी आन गो हिकडं."

ती आतून काठी घेऊन आली. खालच्या बाजूला डांबर फासलेलं, वर वापरून गुळगुळीत झालेली. सुजीतने ती भिंतीला उभी धरली.

"ही माजी खूण. आठव्या वर्षाची. आनि ही सुजीतची, त्याच वयाची. बघ किती अंतर हाय ते."

"चार बोटं," सुजीत म्हणाला.

"चार बोटं. माज्या लहानपनी तारापूरला अणुशक्तीचं काम चालू होतं. गोरे इंजिनेर यायचे. दारातून वाकून जायचे. आमी पोरं त्यांच्या मागं पळायचो. आई म्हनायची, देवाने त्यांना तसंच घडवलंय. बापूस म्हनायचा, पोटभर खातात म्हनून. आमी तवा पावसाचे तीन महिने सुकटीवर आनि भाताच्या पेजेवर काढायचो. मग बोटीला इंजिन आलं, बर्फ आला, दवाखाना आला. सुजीत चार बोटं वर गेला. म्हंजे आमी कोळी लोक बी मूळचे काय उंच नव्हतो. तुमी दोगं उंच झालात म्हनून आता गाव उंच म्हनवतं."

बाप आपल्या विरुद्ध बोलेल असं उन्नतीला वाटलं नव्हतं.

"पण बाबा, यंदाची खूण..." ती म्हणाली.

"ती हाय खाली. मी नाय कुठं म्हनतो."

जिवल्या उठला होता. खुणा बघायला म्हणून तो जवळ गेला, पण त्याचं लक्ष खुणांकडे राहिलं नाही. त्याने सुजीतच्या हातातून काठी घेतली, उलटी केली आणि बुडाकडचं डांबर नखाने खरवडलं. मग आणखी थोडं खरवडलं.

"व्याही, काठी सागाची हाय."

"हाय ना. माज्या बापाने निवडून आनलेली."

"बूड बाभळीचं हाय."

कमलाकांतला क्षणभर काही कळलं नाही. मग आठवलं. "हां. ते मी लावलं. चार पावसाळे झाले. खाडीत चिखलात रुतली आनि बूड मोडलं. मग घरी बसून नवीन ठोकलं."

"मोडलं तेवढंच लावलं?"

"नाय. दोन-तीन बोटं जास्त ठेवलं." कमलाकांत सरळपणे म्हणाला. "काठी कोन आखूड करतं? खाडीत लांब असली तर बरी."

रूपेश खांबापासून सरळ झाला. "काका, म्हणजे वरच्या सगळ्या खुणा तेवढ्या वर गेल्या."

"गेल्या असतील."

"थांब, थांब," उन्नती म्हणाली. "बूड चार वर्षांपूर्वी लावलं. हिमानीची गेल्या वर्षीची खूण त्यानंतरची आहे. यंदाची पण त्यानंतरची. दोन्ही लांब काठीवरच. मग या दोन खुणांत फरक का नाही?"

तिचं बरोबर होतं. रूपेश पुन्हा खांबाला टेकला.

तेव्हा हिमानी दारातून म्हणाली, "आजी मला पाटावर उभी करायची."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती घाबरली. "आजोबांनी खालीच उभी केली. मला वाटलं, पाट आजीचा होता म्हणून नाही घेतला."

"पाटावर तर ओवाळायला बसवतात," सुजीत म्हणाला. "मला वाटायचं सणाचा दिवस, म्हणून आई..."

"आपल्याला कुठे उभं करायची ती पाटावर?" उन्नती हळू म्हणाली. "आपण जमिनीवरच उभे राहायचो."

कमलाकांत खुर्चीतून उठला. आता त्याला ती दुपार अख्खी आठवली. काठी दुरुस्त करून त्याने हंसाला दाखवली होती, मोठ्या कौतुकाने. ती म्हणाली होती, तुमी माज्या पोरांच्या खुना हलवल्यात. त्याला वाटलं, बायकोचं नेहमीचं, केलेल्या कामात खोट काढायची. तो किनाऱ्यावर निघून गेला. परत आला तेव्हा ती घरातले सगळे पाट ओटीवर मांडून टेपने मोजत बसली होती. त्याने विचारलंही नाही. तिने सांगितलंही नाही. या घरात असंच चालायचं. तो बिघडवायचा आणि ती बोलायची नाही, नीट करून ठेवायची.

"देव्हाऱ्याखालचा," तो म्हणाला. "तो बारका पाट आना."

*

स्वातीनेच पाट आणला. रूपेशने त्याची उंची मोजली. पाच सेंटिमीटर. कमलाकांतने काठीच्या बुडाला बोटं लावून दाखवली, एवढं जास्त ठेवलं होतं. तेही तेवढंच; गेल्या वर्षीपर्यंत पोर पाटावर उभी होती, यंदा जमिनीवर, म्हणून खूण तेवढीच खाली पडली.

हिमानी पाटावर चढली. काठीला पाठ लावून उभी राहिली. सुजीतने काठी धरली, उन्नतीने थाळी.

"टाचा टेकव," रूपेश म्हणाला. "हनुवटी वर नको करू. समोर बघ. आजाकडे बघ."

जिवल्याने तोंड वेडंवाकडं केलं. हिमानी हसली.

"हसू नको गो, उंची हलते," उन्नती म्हणाली. तिने सुरीचं टोक थाळीखाली टेकवलं.

पोर बाजूला झाली. खूण सुजीतच्या आठव्या वर्षाच्या खुणेच्या किंचित वर होती. टेप रूपेशने लावला, कारण बाकी कोणाला धीर नव्हता.

"गेल्या वर्षीच्या खुणेपासून आठ. पण ती गेल्या नारळी पौर्णिमेची. आज सोळा महिने झाले. म्हणजे वर्षाला सहा." त्याने पुन्हा लावून बघितला. "सहा, ताई."

"सुजीतच्या वर गेली," उन्नती म्हणाली.

"ती चार महिने मोठी आहे आज. बरोबरीची धरा."

उन्नतीने लगेच डॉक्टरांना फोन लावला. शनिवार होता, दवाखाना चालू होता. तिने सगळं सांगितलं, बूड, पाट, सगळं. फोन मोठ्या आवाजावर होता.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही मोजलं कशावर होतं?"

"काठीवर. होडीच्या."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"आणि मला सेंटिमीटरमध्ये सांगितलंत."

"हो."

"बाई, तिचं साधं रक्त चांगलं होतं. एक्स-रेतही घाबरण्यासारखं काही नव्हतं. माझी सगळी शंका त्या एका आकड्यावर होती. सोमवारी आणू नका. सहा महिन्यांनी या, इथल्याच मापावर उभी करू. तोपर्यंत खेळू दे."

"उंच होईल ना?"

"आईपेक्षा होईल बहुतेक. तुमच्याएवढी होईल असं मी सांगणार नाही."

फोन ठेवल्यावर सुजीत खाली बसला आणि हसायला लागला, आणि त्याला थांबता येईना. जिवल्या म्हणाला, याला पानी द्या. हिमानीने विचारलं, मग आता रोज दोन अंडी खायची का, आणि स्वाती म्हणाली, एक खा.

कमलाकांत फोटोकडे वळला. हार थोडा सरकला होता, तो त्याने नीट केला. काही बोलायचं त्याच्या मनात होतं, पण सगळ्यांसमोर कसं बोलणार? तो तसाच उभा राहिला. बरं वाटत होतं, आणि हे बरं वाटणं सांगायला ती नव्हती. दोन्ही एकदमच होतं.

"स्वाती," उन्नती म्हणाली, "मी तुला फार..."

"राहू दे, ताई. तुम्ही रजा काढून तिला नेणार होतात. दुसरं कोण नेतं?"

"मी रूपेशला पण बोलले."

"बरोबरच बोललात," रूपेश म्हणाला. "मी निरुत्तर झालो होतो."

सुजीत काठी परत ठेवायला उचलू लागला. स्वाती म्हणाली, "थांबा जरा."

तिने चपला बाजूला सारल्या, पाटावर पाय ठेवला आणि काठीला पाठ लावून उभी राहिली. सुनांच्या खुणा या काठीवर नसतात. हंसाबाईंचीही नव्हती. कोणी तसा नियम केला नव्हता, कोणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

"मला लहानपणी कोणी मोजलंच नाही," ती म्हणाली. "भट्टीवर विटा मोजायचे."

जिवल्या तंबाखू मळायचा थांबला. उन्नतीने आपल्या बापाच्या तोंडाकडे पाहिलं. कमलाकांतने मान हलवली.

उन्नतीला थाळी धरायला वाकावं लागलं. तिने सावकाश, नीट, खोल खाच पाडली. हिमानी लगेच पुढे आली आणि बाजूचे आकडे वाचू लागली.

"आई, तू बाबांच्या तेराव्या वर्षाएवढी आहेस."

"असू दे," स्वाती म्हणाली. ती अजून पाटावरून उतरली नव्हती. "ताई, आजची तारीख घाला."

उन्नतीने सुरी पुन्हा टेकवली आणि आधी नाव कोरायला घेतलं.